ब्रेडबोर्ड

ब्रेडबोर्ड हा डाख न देता इलेक्ट्रॉनिक परिपथ तात्पुरता जोडण्यासाठी वापरला जाणारा, छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा फलक आहे. छिद्रांच्या खाली धातूच्या लवचीक पट्ट्या बसवलेल्या असतात. घटकाची तार छिद्रात खोचली की पट्टी तिला चिमट्याप्रमाणे धरून ठेवते आणि त्याच पट्टीवरील इतर छिद्रांशी तिचा विद्युत संपर्क होतो. जोडणी चुकल्यास तार उपसून दुसरीकडे लावता येते आणि घटक पुन्हा वापरता येतात. नव्या परिपथाचा कच्चा नमुना तपासण्यासाठी अभियंते ब्रेडबोर्ड वापरतातच. पण सदृश किंवा अ‍ॅनालॉग आणि अंकीय किंवा डिजिटल या दोन्ही शाखांची इलेक्ट्रॉनिकी प्रत्यक्ष बांधणीतून शिकण्याचे साधन म्हणून तो अधिक ओळखला जातो. कागदावरील आकृतीत न दिसणाऱ्या अनेक गोष्टी या फलकावर समोर येतात आणि त्याचे शैक्षणिक मूल्य बव्हंशी त्यातच आहे.

नाव आणि पूर्वेतिहास

ब्रेडबोर्ड या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पाव कापण्याची लाकडी फळी असा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घरी रेडिओ बांधणारे हौशी लोक अशी फळी घेत, तिच्यावर खिळे किंवा पितळी स्क्रू ठोकत आणि त्यांच्या आधाराने निर्वात नलिका, तारेची वेटोळी व धारित्रे एकमेकांना जोडत. अ‍ॅटवॉटर केंट या अमेरिकी कंपनीचे १९२० च्या दशकातील काही रेडिओ संच तर उघड्या लाकडी फळीवर बसवूनच विकले जात. संग्राहक आजही त्यांना ब्रेडबोर्ड संच म्हणतात. पुढे फळी गेली, नाव मात्र राहिले.

ट्रांझिस्टर आल्यावर घटक लहान झाले, तरी प्रायोगिक परिपथ डाख देऊनच जोडावे लागत. प्रत्येक बदलासाठी सांधा तापवून सोडवायचा आणि पुन्हा जोडायचा, यात घटकांचे पाय तुटत व उष्णतेने काही निकामीही होत. १९६० च्या दशकात एकात्मिक परिपथ, म्हणजे आयसी, दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेल्या आयताकृती वेष्टनात मिळू लागले. डिप या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वेष्टनात दोन पायांमधील अंतर ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर, असे ठरलेले होते. अंतर निश्चित झाल्यामुळे त्याच मापाच्या छिद्रांचा सर्वोपयोगी फलक बनवणे शक्य झाले. आज सर्वत्र दिसणाऱ्या फलकाची रूपरेषा रोनाल्ड पोर्तुगल यांनी ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीसाठी केली. तिच्या पेटंटसाठी १९७१ मध्ये अर्ज करण्यात आला व १९७३ मध्ये ते मंजूर झाले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या रचनेत फारसा बदल झालेला नाही.

रचना

पूर्ण आकाराच्या ब्रेडबोर्डवर सामान्यतः ८३० छिद्रे असतात. मधल्या भागात ६३ स्तंभ असून प्रत्येक स्तंभात पाच-पाच छिद्रांचे दोन गट असतात. एका गटातील पाचही छिद्रे आतून जोडलेली असतात. शेजारच्या गटाशी किंवा समोरच्या गटाशी त्यांचा संबंध नसतो. दोन गटांच्या मधून फलकाच्या लांबीभर एक खाच जाते. ती ओलांडून समोरासमोरच्या छिद्रांमधील अंतर ०.३ इंच असते, त्यामुळे डिप वेष्टनातील आयसी खाचेवर बरोबर बसते आणि तिच्या प्रत्येक पायाला स्वतंत्र गट मिळतो. पायाने एक छिद्र व्यापले तरी तारा जोडण्यासाठी चार छिद्रे उरतात.

दोन्ही कडांना लांबीच्या दिशेने जोडलेल्या छिद्रांच्या दोन-दोन ओळी असतात. त्यांवर बहुधा तांबडी व निळी रेघ असते आणि विद्युत पुरवठ्याचे धन टोक व सामाईक टोक, म्हणजे ग्राउंड, त्यांना जोडतात. काही फलकांत या ओळी मध्यावर तुटलेल्या असतात. छापलेली रेघ तेथे खंडित दिसतेच असे नाही, म्हणून अर्धा परिपथ चालतो व अर्धा मृत राहतो, हा नवशिक्याला हमखास येणारा अनुभव आहे. नवा फलक वापरण्यापूर्वी मल्टिमीटरच्या सातत्य-चाचणीने, रूढ भाषेत ‘बीप लावून’, ओळी तपासून घेणे यासाठीच इष्ट ठरते. ४०० छिद्रांचा अर्ध्या आकाराचा व १७० छिद्रांचा छोटा फलकही प्रचारात आहे. छोट्या फलकाला कडेच्या पुरवठा ओळी नसतात.

जोडण्यासाठी एकेरी, भरीव तार वापरतात. सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची तार पट्टीत नीट बसते. अनेक बारीक तंतूंची लवचीक तार छिद्रात वाकते व तिचे तंतू शेजारच्या गटाला चिकटतात. याउलट फार जाड पाय खुपसल्यास पट्टी कायमची फाकते आणि पुढे बारीक तार त्याच छिद्रात सैल बसते. असे सैल छिद्र बाहेरून ओळखू येत नाही.

सदृश परिपथांची बांधणी

पहिला परिपथ बहुधा एक रोधक व एक एलईडी यांचा असतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे २ व्होल्टचा तांबडा एलईडी ४७० ओहमच्या रोधकासह जोडला, तर रोधकावर ७ व्होल्ट राहतात आणि ओहमच्या नियमानुसार सुमारे १५ मिलिअँपियर प्रवाह वाहतो. रोधक वगळला तर एलईडी क्षणभर प्रखर होऊन जळू शकतो. रोधकाचे दोन्ही पाय चुकून एकाच पाच छिद्रांच्या गटात खोचले तरी परिणाम तोच, कारण मग प्रवाह रोधकाला वळसा घालून पट्टीतूनच जातो.

यानंतरचा धडा रोधक-धारित्र जोडीचा असतो. १ मेगाओहमचा रोधक व १० मायक्रोफॅरडचे धारित्र यांचा गुणाकार १० सेकंद येतो. एवढ्या वेळात धारित्र पुरवठा दाबाच्या सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत भारित होते. प्रयोगात मात्र हा आकडा क्वचितच जुळतो. विद्युत-अपघटनी धारित्राच्या मूल्यात २० टक्के इकडेतिकडे असणे नेहमीचेच. शिवाय ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर मल्टिमीटर कितीही वेळ लावून ठेवला तरी ८.२ व्होल्टच्या आसपास थांबतो. याचे कारण मापकातच आहे: नेहमीच्या अंकीय मल्टिमीटरचा स्वतःचा रोध सुमारे १० मेगाओहम असतो आणि १ मेगाओहमच्या रोधकाबरोबर तो दाबाचे विभाजन करतो. मापन करणारे उपकरण परिपथाचाच एक भाग बनते, हे तत्त्व शिकवण्यासाठी याहून स्वस्त प्रयोग सापडणे कठीण.

ट्रांझिस्टरच्या बाबतीत पुस्तक व बाजार यांतील फरक भोवतो. अमेरिकी पुस्तकांतील परिपथांत २एन३९०४ हा ट्रांझिस्टर नेहमी आढळतो, तर भारतात बीसी५४७ सहज मिळतो. दोन्ही एनपीएन जातीचे व बऱ्याच कामांत एकमेकांच्या जागी चालणारे. पण सपाट बाजू समोर धरली असता २एन३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे असतात, तर बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. आकृतीवरून जसाच्या तसा बसवलेला बीसी५४७ त्यामुळे उलटा लागतो. उलटा ट्रांझिस्टर पूर्ण बंद पडत नाही, अगदी थोडे प्रवर्धन करतो; साहजिकच दोष ट्रांझिस्टरमध्ये आहे अशी शंका लवकर येत नाही. बीसी५४७ चे प्रवाह-प्रवर्धन ११० पासून ८०० पर्यंत कोठेही असू शकते. एकाच पुडीतील दोन नग बदलून पाहिल्यास, ज्या परिपथाची बिंदुस्थिती या एका संख्येवर अवलंबून ठेवलेली आहे तो कसा बिघडतो आणि एमिटरला रोधक जोडल्यावर कसा सावरतो, हे दिसते. ऋण प्रतिभरणाची संकल्पना येथे गणिताच्या आधी हाताला कळते.

क्रियात्मक प्रवर्धकासाठी ७४१ ही १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने आणलेली आयसी दीर्घकाळ अभ्यासक्रमांत आहे. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या एकसर जोडून त्यांचा सांधा ग्राउंड मानला की तिला लागणारा दुहेरी पुरवठा मिळतो. १० किलोओहम व १०० किलोओहमच्या रोधकांनी दसपट व्यस्त प्रवर्धन बांधल्यास ०.२ व्होल्टचे उणे २ व्होल्ट होतात, हे सूत्राप्रमाणे. आदानी १.५ व्होल्ट दिल्यास मात्र सूत्रातले उणे १५ येत नाहीत. प्रदान पुरवठ्याच्या थोडे अलीकडेच अडते. वारंवारता वाढवत नेल्यास प्रवर्धनही घटते, कारण या आयसीत प्रवर्धन व वारंवारता-पट्टा यांचा गुणाकार सुमारे १ मेगाहर्ट्झ असतो. शंभरपट प्रवर्धन हवे असेल तर ते जेमतेम १० किलोहर्ट्झपर्यंतच मिळते.

५५५ : दोन शाखांचा सांधा

हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचलेली व १९७२ मध्ये बाजारात आलेली ५५५ ही कालमापक आयसी ब्रेडबोर्डवरील शिक्षणात विशेष महत्त्वाची ठरली आहे. तिच्यात दोन तुलनित्रे, एक द्विस्थिर परिपथ आणि धारित्र रिकामे करणारा एक ट्रांझिस्टर असतो. आतील समान रोधकांची साखळी पुरवठ्याचे तीन समान भाग करते. बाहेर जोडलेले धारित्र दोन-तृतीयांश दाबापर्यंत भरले की प्रदान खाली येते आणि धारित्र रिकामे होऊ लागते. एक-तृतीयांशावर आले की प्रदान पुन्हा वर जाते.

१० किलोओहम व ६८ किलोओहमचे रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास आवर्तनकाल काढण्यासाठी पहिल्या रोधकात दुसऱ्याची दुप्पट मिळवून बेरजेला धारित्राच्या मूल्याने व ०.६९३ ने गुणतात. उत्तर जवळजवळ १ सेकंद येते. त्यातील सुमारे ०.५४ सेकंद एलईडी पेटलेला व ०.४७ सेकंद विझलेला राहतो. दोन कालखंड अगदी समान का नाहीत, याचे उत्तर आकृतीतच आहे: भरताना प्रवाह दोन्ही रोधकांतून जातो, रिकामे होताना एकातूनच. दोलनदर्शी असल्यास धारित्रावर ९ व्होल्टच्या पुरवठ्यात ३ ते ६ व्होल्टमध्ये चढणारी-उतरणारी वक्र रेषा दिसते, तर तिसऱ्या पायावर चौकोनी तरंग. एक सदृश राशी आणि तिच्यापासून घडलेली अंकीय राशी अशा प्रकारे एकाच आयसीच्या दोन पायांवर शेजारी पाहता येतात.

अंकीय परिपथांची बांधणी

अंकीय परिपथांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ७४०० मालिका व आरसीएची ४००० मालिका यांतील आयसींवर भर असतो. ७४०० या आयसीत चार नँड द्वारे असतात आणि केवळ नँड द्वारांपासून इतर कोणतेही तार्किक द्वार बनवता येते. पाठ्यपुस्तकात ० आणि १ एवढेच असते. फलकावर मात्र त्यांना मर्यादा आहेत. टीटीएल प्रकारात ०.८ व्होल्टपर्यंतचे आदान ० व २ व्होल्टपासूनचे १ मानले जाते. मधल्या प्रदेशाबद्दल आयसी कोणतीच हमी देत नाही.

पुरवठ्यातील चूक येथे महागात पडते. ७४एलएस प्रकाराला ५ व्होल्ट लागतात व ७ व्होल्ट ही तिची कमाल सोसण्याची सीमा आहे. ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडल्यास आयसी तापून निकामी होते. त्यासाठी ७८०५ सारखा दाब-नियंत्रक मध्ये घालतात. ४००० मालिकेतील आयसी ३ ते १५ व्होल्टवर चालत असल्याने बॅटरीवरील प्रयोगांना ती सोयीची.

नवशिक्यांच्या अंकीय परिपथांतील तीन दोष इतके नियमित आहेत की त्यांना अभ्यासक्रमाचा भागच मानावे. पहिला, तरंगते आदान. सीमॉस आयसीचे न वापरलेले आदान मोकळे सोडले तर ते ना ० असते ना १. नुसता हात जवळ नेला तरी एलईडी लुकलुकतो. असे प्रत्येक आदान पुरवठ्याला किंवा ग्राउंडला जोडावेच लागते. दुसरा, बटणाची थरथर. बटण एकदा दाबले तरी आतील संपर्क काही मिलिसेकंद उडत राहतात आणि गणक १ ऐवजी ४ किंवा ७ दाखवतो. रोधक-धारित्र जोडीपुढे श्मिट ट्रिगर लावून किंवा दुतर्फी बटण व दोन नँड द्वारांची कुलूपरचना करून हा दोष घालवतात. तिसरा दोष सर्वांत फसवा आहे. आयसीचे प्रदान बदलते त्या क्षणी ती पुरवठ्यातून प्रवाहाचा छोटा झटका ओढते. लांब तारांच्या प्रवर्तकतेमुळे तेवढ्यापुरता दाब खचतो आणि शेजारच्या द्विस्थिर परिपथाची स्थिती विनाकारण पालटते. प्रत्येक आयसीच्या पुरवठा-पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. तर्काच्या आकृतीत हे धारित्र बहुधा दाखवलेलेच नसते.

तिन्ही दोषांचे कारण तर्कात नसून दाब, वेळ व प्रवाह यांत आहे. अंकीय परिपथ हा मुळात काळजीपूर्वक वापरलेला सदृश परिपथच असतो, ही गोष्ट संगणकावरील तर्क-अनुकारकातून कळत नाही, कारण अनुकारकात बटण थरथरत नाही.

दोषशोधन

बांधलेला परिपथ पहिल्याच प्रयत्नात चालणे अपवादात्मक असते. न चालल्यास सर्व तारा उपसून पुन्हा बांधण्याचा मोह होतो. पण त्यातून मूळ दोष काय होता ते कळत नाही आणि नवे दोष शिरतात. रूढ पद्धतीत प्रथम पुरवठा तपासतात, तोही कडेच्या ओळीवर नव्हे, तर प्रत्यक्ष आयसीच्या पायांवर. पाय आत न जाता वेष्टनाखाली दुमडला गेला असेल, छिद्र सैल असेल किंवा ओळ मध्ये तुटलेली असेल, तर तो फरक येथेच उघड होतो. नंतर परिपथाच्या मध्यावर मापन करून दोष आदानाकडच्या अर्ध्यात आहे की प्रदानाकडच्या, हे ठरवतात आणि तो अर्धा पुन्हा विभागतात. मापनापूर्वी तेथे किती दाब अपेक्षित आहे हे लिहून ठेवणे आवश्यक असते. अपेक्षा नसेल तर मापकावरचा आकडा चूक की बरोबर हे सांगता येत नाही.

तारांचे रंग ठरवून घेणे, त्या फलकालगत व आखूड ठेवणे, आयसीची खूण नेहमी डावीकडे येईल अशी बसवणे, या सवयी नीटनेटकेपणासाठी नसून शोध सोपा व्हावा म्हणून आहेत. आयसीवरून कमानीसारख्या गेलेल्या तारांच्या जाळ्यात मापकाची टोके पोहोचत नाहीत.

मर्यादा

शेजारच्या दोन धातूपट्ट्यांमध्ये सुमारे २ पिकोफॅरडची अनाहूत धारिता असते. ध्वनीच्या वारंवारतेवर ती जाणवत नाही. पण जलद किंवा अधिक रोधाच्या परिपथांत ती परिपथाचे वर्तन बदलते आणि प्रवर्धक आपोआप दोलन करू लागतो. सामान्यतः १० मेगाहर्ट्झच्या पुढे ब्रेडबोर्डवर भिस्त ठेवली जात नाही. तेथे तांब्याचा मुलामा असलेल्या अखंड फलकावर घटक हवेत उलटे डाखून नमुना बांधण्याची पद्धत आहे. प्रवाहाची मर्यादाही कमी असून १ अँपियरच्या आसपास पट्ट्या तापू लागतात. घरगुती २३० व्होल्टचा पुरवठा ब्रेडबोर्डवर आणणे धोक्याचे आहे: छिद्रांतील अंतर त्यासाठी पुरेसे नाही, उघडी टोके बोटांना लागतात आणि सैल तार केव्हाही निसटते.

पृष्ठभागावर डाखले जाणारे सूक्ष्म घटक ही अलीकडची अडचण आहे. नव्या आयसी पुष्कळदा डिप वेष्टनात निघतच नाहीत. त्या छोट्या जुळवणी-फलकावर डाखून मगच ब्रेडबोर्डवर लावाव्या लागतात.

शिक्षणातील उपयोग

हार्वर्ड विद्यापीठातील इलेक्ट्रॉनिकीचा प्रयोगाधिष्ठित अभ्यासक्रम या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पॉल होरोविट्झ व विनफिल्ड हिल यांचा ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ हा १९८० मधील ग्रंथ त्याच परंपरेतला. टॉम हेज यांनी होरोविट्झ यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘लर्निंग द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोधकापासून सुरुवात करून ट्रांझिस्टर, क्रियात्मक प्रवर्धक, तर्कद्वारे व अखेरीस सूक्ष्मनियंत्रक असा क्रम असून प्रत्येक पाठाला बांधणीची जोड आहे.

अमेरिकी शिक्षक बेन ईटर यांनी चित्रफितींच्या मालिकेतून ब्रेडबोर्डांवर ८ बिटांचा पूर्ण संगणक बांधून दाखवला. त्याची रचना अल्बर्ट माल्व्हिनो यांच्या पाठ्यपुस्तकातील अतिसरल संगणकावर आधारलेली असून स्मृती अवघी १६ बाइट आहे. मंद गतीने चालवल्यास प्रत्येक ठोक्याला कोणती माहिती कोठे सरकली हे एलईडींवरून वाचता येते.

भारतातील अनेक तंत्रनिकेतनांत ब्रेडबोर्डऐवजी तयार ‘ट्रेनर किट’ वापरण्याचा प्रघात आहे. त्यावर परिपथ आधीच छापलेला व जोडलेला असतो. विद्यार्थी दोन-चार तारा जोडून वाचने नोंदवतो. घटक जळत नाहीत आणि ठरलेल्या तासात प्रयोग उरकतो, ही त्याची सोय. मात्र बांधणी व दोषशोधन दोन्ही वगळली गेल्याने उरते ते वाचन-लेखन. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून शाळांत सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिकीचे सुटे साहित्य हाताळण्याची संधी मिळते. महाराष्ट्रात असे साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आणि पुण्यात बुधवार पेठेतील दुकानांत सुटे मिळते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने विकसित केलेले ‘ईसिम’ हे मुक्त अनुकारक सॉफ्टवेअर बांधणीपूर्वी गणित पडताळण्यासाठी वापरता येते.

ब्रेडबोर्डनंतर

परिपथ कायम ठेवायचा असल्यास तो छिद्रित तांबे-फलकावर डाखतात. भारतीय बाजारात याला ‘झीरो पीसीबी’ किंवा ‘जनरल पर्पज पीसीबी’ म्हणतात. ब्रेडबोर्डप्रमाणेच स्तंभ व पुरवठा ओळी असलेले तांबे-फलकही मिळतात आणि त्यांवर मांडणी न बदलता घटक उचलून बसवता येतात. अनेक नग हवे असतील तर किकॅडसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आराखडा काढून मुद्रित फलक बनवून घेतात. अशा फलकावर ग्राउंडसाठी तांब्याचा सलग थर ठेवता येत असल्याने, ब्रेडबोर्डवर अस्थिर वाटलेला प्रवर्धक तेथे कधीकधी कोणताही घटक न बदलता स्थिर होतो. उलट प्रकारही घडतो: ब्रेडबोर्डच्या अनाहूत धारितेमुळे योगायोगाने चालणारा स्फटिक-दोलक मुद्रित फलकावर सुरूच होत नाही आणि त्याची भार-धारित्रे नव्याने मोजून बसवावी लागतात.